वस्तू क्रमांक एकतीस

सोमवार, ७ जुलै २०२५

केजहून छापून आलेले बावीस फलक आज परत पाठवले. बावीसही फलकांवर 'मुक्तीसंग्राम' अशी दीर्घ ती. मी ते विठ्ठलरावांना दाखवले. विठ्ठलराव म्हणजे आमच्या स्मारक समितीचे अध्यक्ष, वय एकोणऐंशी, गाव त्यांना तात्या म्हणते. ते म्हणाले, "कोण बघतंय बे?"

मी म्हणालो, "शाळेची मुले बघतील तात्या, आणि तसेच लिहायला शिकतील."

ते हसले. "मग तूच लिव्ह. तुझं अक्षर छापल्यावानी हाय."

अशा रीतीने सगळे फलक हाताने लिहिण्याचे काम माझ्याकडे आले. आनंद झाला. पण छापलेली चूक छापणाऱ्याच्या माथी जाते. हाताने लिहिलेली माझी.

मी बारावीला इंग्रजीत दोनदा नापास. केजला एका पेंटरकडे चार वर्षे पाट्या रंगवल्या. फ्लेक्स आले आणि ते दुकान बंद पडले. आता इथे स्मारकाच्या वस्तुदालनात देखभालीला आहे. किल्ली, झाडलोट आणि नोंदवही माझ्याकडे. १७ सप्टेंबरला उद्घाटन आहे. त्यानंतर जागा कायम करायचा ठराव घेऊ, असे तात्यांनी सांगितले आहे. आई रोज विचारते.

घरी निघालो आणि मारुतीपासून परत फिरलो. कुलूप लागलेलेच होते.

बुधवार, ९ जुलै

आप्पारावांचा मोठा फलक लिहून झाला. आप्पाराव हे तात्यांचे वडील. निजामाच्या राज्यात त्यांनी लपून तिरंगा लावला, रझाकारांचा मार खाल्ला. मग १९४८ च्या सप्टेंबरात भारताची फौज आली आणि निजामाचे राज्य गेले. गावात त्या दिवसांना नुसते 'ॲक्शन' म्हणतात. दालनात शिरताच समोर आप्पारावांचा दाराएवढा फोटो आहे.

मजकूर तात्यांनीच सांगितला. शेवटचे वाक्य मला फार आवडले: '१९४८ नंतर त्यांनी आयुष्यभर गादीला पाठ टेकली नाही. घोंगडीवरच झोपत.' केवढी साधी राहणी! मी विचारले, "थंडीतसुद्धा?"

"थंडीत बी. आजारी पडले तवा आईनं गादी घातली, तर उठून भुईवर जाऊन पडले. देशभक्त माणसं आशीच आसतात."

'घोंगडी'तला घों नीट उतरला नव्हता. पुन्हा लिहिला.

सोमवार, २१ जुलै

आज तात्यांच्या माळ्यावरून एक पेटी आली. त्यातल्या पाच वस्तू घेतल्या. त्यांतली एक क्रमांक एकतीस. नोंदवहीत लिहिले ते असे: 'लाकडी. लांबी अकरा इंच. दोन्ही टोके जाड व गोल, मध्ये धरायला बारीक. मध्यभागी पितळी तार, सहा वेढे. एका टोकाच्या कडेला केसासारखी खाच.'

तात्यांनी फलक सांगितला: 'रझाकारांकडून हस्तगत केलेले लाकडी शस्त्र. सप्टेंबर १९४८. आप्पारावांच्या संग्रहातून.'

मी विचारले, "तात्या, याची दोन्ही टोके सारखीच आहेत. मारायचे कोणत्या टोकाने?"

"कोणत्या बी. मार खाणाऱ्याला काय फरक पडतो बे?"

समितीचे सगळे हसले. मीही हसलो. पण शस्त्राला अशी बारीक खाच कशाने पडते ते कळले नाही. हाडाने तशी पडणार नाही.

'हस्तगत' की 'जप्त' यावर एक तास गेला. जप्त सरकार करते. म्हणून हस्तगत. 'रझाकार'मधला झ तात्यांना नको होता, "आमी रजाकारच म्हणतो" म्हणाले. पण शब्दकोशात झ आहे. शेवटी त्यांनी माझे ऐकले.

शनिवार, २ ऑगस्ट

आज एक गोष्ट घडली. ती क्रमाने लिहितो.

गादीवाल्याचा टेम्पो गावात आला होता, कापूस पिंजायचे यंत्र बसवलेला. शहेबाज नावाचा माझ्याच वयाचा मुलगा चालवतो, नेकनूरचा. आमच्या खुर्च्यांच्या गाद्या दबल्या आहेत, म्हणून मी त्याला आत बोलावले. पाणी पिता पिता तो काचेच्या कपाटापाशी गेला.

"आरे, ह्यो दस्ता हितं काय करतोय?"

"कसला दस्ता?"

"ह्यो." त्याने एकतीसवर बोट ठेवले. मग खालचा फलक वाचला आणि मोठ्याने हसला. "शस्त्र! याच्यानं कापूस मरतो बे, माणूस न्हाई."

मला राग आला. अक्षर माझे होते. म्हणालो, "तुला काय माहीत?"

मग त्याने मला समजावले. पूर्वी यंत्र नव्हते. छताला मोठे पिंजण टांगायचे, धनुष्यासारखे. त्याला आतड्याची तात लावलेली. पिंजारी एका हातात पिंजण धरायचा आणि दुसऱ्या हातातल्या दस्त्याने तातीवर मारायचा. तात थरथरली की कापूस मोकळा व्हायचा. "दिवसभर तातीवर घासून घासून ही खाच पडती. बघ की."

मी बघितले. खाच तशीच होती, तातीएवढी.

तो आता हसत नव्हता. फलकाची शेवटची ओळ पुन्हा वाचत होता. "आप्पाराव म्हंजी ह्योच का, फोटोतला?"

"हो."

"माज्या नानीचे अब्बा याच गावात पिंजायचे," तो म्हणाला आणि ग्लास खाली ठेवून निघून गेला. गाद्यांचे बोलणे राहिले.

रविवार, ३ ऑगस्ट

फलक चुकला असेल तर ती चूक शुद्धलेखनाची नाही. मग कसली म्हणायची? अशा चुकीला लाल शाईने खूण कुठे करतात?

रविवार, १० ऑगस्ट

शहेबाजची नानी आली. शहजादी नाव, वय त्र्याऐंशी. नेकनूरहून एसटीने आली आणि फाट्यापासून चालत. एका डोळ्यात मोतीबिंदू. शहेबाज हात धरून होता.

कपाटापाशी जायच्या आधीच तिने मला विचारले, "बेटा, त्याला तार हाय का, पितळंची?"

"आहे नानी. सहा वेढे."

"सात."

"नोंदवहीत सहा आहेत."

"म्या पाडला होता तो, दगडावर. चिरला बीचमें. अब्बानं तार गुंडाळली अन् मला मोजायला लावली. सातच येत हुते मला तवा, म्हणून सातच गुंडाळली. आठ येत आस्ते तर आठ गुंडाळली आसती."

वस्तूंना हात लावू द्यायचा नाही असा नियम मीच लिहून भिंतीला लावला आहे. तरी मी कपाट उघडले. नखाने तार उचकली. एक वेढा दुसऱ्याखाली दबला होता. सात भरले.

तिने दस्ता हातात घेतला आणि ओढणीने पुसला. बराच वेळ पुसत राहिली. धूळ नव्हती, मी रोज पुसतो. मग बोलू लागली. तिचे बोलणे अर्धे मराठी, अर्धे त्यांच्या घरचे. मला समजले ते असे. तिचे वडील मदारसाब पिंजारी. ॲक्शनच्या आठवड्यात आप्पारावांकडून निरोप आला, घरात लग्न आहे, गाद्या भरायला या. तिची आई म्हणाली, आज जाऊ नका, दिवस बरे नाहीत. ते म्हणाले, आप्पारावच्या घरी कसली भीती, त्याच्या बारशाची गादी माझ्या बापाने भरली आहे. खांद्यावर पिंजण, हातात दस्ता, असे गेले.

"अन् मग?" मी विचारले.

"मग काय. कुणी म्हणलं हिरीत पडला, कुणी म्हणलं हैदराबादला पळाला. आमी रातोरात नेकनूरला गेलतो. मी सहा वर्साची." तिने फलकाकडे मान वळवली. "शाबाज म्हणतो, हितं अब्बाला रजाकार लिवलंय. खरंय का?"

मी म्हणालो, "नाव नाही लिहिलेले."

"नाव नसलं तरी दस्ता त्याचाच हाय ना बेटा?"

मी फलकावरचे माझे अक्षर बघितले.

"कुणी मारलं ते लिवू नको," ती म्हणाली. "मला कुणाशी भांडायचं न्हाई आता. त्यानं कुणाला मारलं न्हाई, येवढंच लिव्ह. माज्या डोळ्यादेखत लिव्ह. मी किती दिवसाची?"

ती गेल्यावर नोंदवहीत 'सहा' खोडून 'सात' केले व पुढे सही केली. नोंदवहीतली ही माझी पहिली खाडाखोड.

बुधवार, १३ ऑगस्ट

तात्यांना सांगितले. तीन दिवस हिंमत होत नव्हती. काल तर त्यांच्या दारापर्यंत जाऊन आलो.

"तात्या, एकतीसचा फलक बदलावा लागेल. ते शस्त्र नाही, पिंजाऱ्याचा दस्ता आहे. नेकनूरच्या शहजादी नानींच्या वडिलांचा. ते ॲक्शनच्या दिवसांत कामाला गेले, ते परत—"

"रजाकार न्हवता तर मारला कावून, ते मग कोण सांगणार? तू?"

मी उठलो.  

घरी येऊन संभाषण जसेच्या तसे लिहून काढले, तेव्हा लक्षात आले. मी 'गेले' म्हणालो होतो. 'मारला' हा शब्द त्यांचा. बोलण्याच्या ओघात माणसाचे क्रियापद बदलते. तसेच झाले असावे.

निघताना त्यांनी मला थांबवले. रागावले नव्हते. उलट हळू आवाजात बोलले, "लोकांचं कसं आसतं अजिनाथ, येक पाटी बदलली की दुसऱ्या बी नीट वाचाया लागतात."

मी म्हणालो, "नीट वाचण्यासाठीच लिहिल्या आहेत तात्या."

ते म्हणाले, "जा, चहा घे आतून."

मंगळवार, २६ ऑगस्ट

फलकाचे मसुदे चालू आहेत. पहिला होता: 'पिंजाऱ्याचा दस्ता. मदारसाब पिंजारी यांचा.' तात्यांनी कागदाला हातही लावला नाही. दुसरा: 'कापूस पिंजण्याचे साधन. रझाकार काळ.' त्यावर म्हणाले, "साधन म्हण की काय बी म्हण, पण ते माज्या बापाकडं आलं कसं? लोक इचारतील." तिसरा, नुसता: 'लाकडी वस्तू. १९४८.'

"लाकडी वस्तू बघाया लोक हितं कशाला येतील? घरी लाटणं न्हाई का त्यांच्या?"

मला हसू आले. त्यांना नाही आले. म्हणाले, "माज्या बापानं मला लहानपणी मांडीवर घेऊन सांगितलंय, ह्ये रजाकाराकडून घेतलं म्हणून. बाप खोटं बोलला म्हणू का मी? या वयात?"

खरे सांगायचे तर मला त्यांची दया आली. लगेच स्वतःचा रागही आला, कारण दया आली की माझा मसुदा मवाळ होतो. दुसऱ्या मसुद्यात मदारसाबचे नाव होते का? नव्हते. ते मी स्वतःच गाळले होते. कुणी सांगितले नव्हते.

गुरुवार, ४ सप्टेंबर

समितीला लेखी अर्ज दिला. विषय, संदर्भ, सगळे रीतसर. तात्यांनी उभ्या उभ्या वाचला, चार घड्या केल्या आणि सदऱ्याच्या खिशात घातला.

"अर्जात चूक न्हाई येक बी," म्हणाले. मग जाता जाता, "वडवणीचं येक पोरगं हाय म्हणे. त्याचं बी अक्षर चांगलं हाय."

आईला हे सांगितले नाही. ती आज शेजारणीला सांगत होती की, अजिनाथचे दिवाळीपर्यंत कायम होईल.

रविवार, १४ सप्टेंबर

शहेबाजचा फोन आला. "नानी सतराला येणार म्हणती. फलक बदलला का?"

मी म्हणालो, "बदलतो."

'बदलतो' म्हणजे आत्ता बदलतो की पुढे कधी तरी, हे त्या शब्दात कळत नाही. मी तो मुद्दाम वापरला काय, याचा दिवसभर विचार करतो आहे.

मंगळवार, १६ सप्टेंबर

दुपारी दालनात एकटा होतो. एका कोऱ्या पुठ्ठ्यावर खरा मजकूर पेन्सिलीने लिहिला. माप जुन्या फलकाचेच घेतले. पाच ओळी. तात्यांनी सांगितलेला एकही शब्द त्यात नाही. अक्षर आजवरचे सगळ्यांत चांगले आले. उद्या सकाळी लवकर येऊन त्यावर शाई फिरवायची आणि फलकाच्या चौकटीत सरकवायचा. गर्दीत कुणाच्या लक्षात येणार नाही. लक्षात येईल तेव्हा उद्घाटनाला येणारे जिल्ह्याचे साहेब फीत कापून गेलेले असतील.

पुठ्ठा टेबलाच्या खणात ठेवून घरी आलो. 

बुधवार, १७ सप्टेंबर

सकाळी साडेसहाला गेलो. शाईची बाटली उघडली. पुठ्ठा टेबलावर ठेवला. बाहेर मांडववाले खुर्च्या टाकत होते. प्रत्येक खुर्चीच्या आवाजाला मी पुठ्ठा झाकत होतो.

सव्वासातला खोडरबर घेतले आणि पाचही ओळी खोडल्या. पुठ्ठा कोरा झाला.

मी घाबरलो. याला दुसरा शब्द शोधला, मिळाला नाही.

झेंडा आठला झाला. साहेब साडेअकराला आले. फीत, नारळ, भाषण. आत आल्यावर ते एकतीसपाशी थांबले आणि फलक मोठ्याने वाचला. "काढा की बाहेर," म्हणाले. मी कपाट उघडले. साहेबांनी दस्ता खांद्यावर गदेसारखा घेतला आणि फोटोवाल्याकडे वळले. टाळ्या पडल्या. मागून कुणी तरी ओरडले, "साहेब, आमच्या सरपंचाला येक ठिवून द्या!" सगळे दालन हसले.

तात्या हसले नाहीत. पुढे झाले आणि दस्ता साहेबांच्या हातातून काढून घेतला. तापलेले भांडे चुलीवरून उतरवावे तसा, दोन बोटांत धरून, पटकन आत ठेवला. मग धोतराला हात पुसले.

दारापाशी शहजादी नानी उभी होती. आतले तिला किती दिसले, कोण जाणे. गर्दी जेवायला गेली तेव्हा ती शहेबाजचा हात धरून कपाटापर्यंत आली. नवे पांढरे लुगडे, वर ओढणी.

"लिवलंस, बेटा?"

मी हो म्हणालो की मान हलवली, आठवत नाही.

"वाच की मग. मला कुठं येतंय."

शहेबाज तिच्या मागे उभा होता. झेडपीच्या मराठी शाळेत दहावीपर्यंत शिकलेला आहे. त्याने फलक बघितला. जुनाच फलक. मग माझ्याकडे बघितले.

मी काचेवर बोट ठेवले आणि वाचू लागलो. सकाळी खोडलेल्या पाचही ओळी वाचल्या. बोट 'रझाकारांकडून' या शब्दावरून सरकत होते आणि तोंड 'मदारसाब पिंजारी' म्हणत होते. शेवटच्या ओळीला बोट फलकाच्या बाहेर गेले, कारण खरा मजकूर मोठा होता.

नानी म्हणाली, "पुन्ना."

मी पुन्हा वाचले. तिचे ओठ माझ्याबरोबर हलत होते.

मग तिने मागे न बघता विचारले, "शाबाज, तसंच हाय ना?"

 बाहेर पंगतीत वाढपी भात भात ओरडत होता.

"हां नानी," तो म्हणाला. "तसंच लिवलंय."

तिने दोन्ही हातांनी माझे तोंड चाचपले आणि कानशिलावर बोटे मोडली. मी तिच्याकडे बघू शकलो नाही.

शुक्रवार, १९ सप्टेंबर

शहेबाज टेम्पो घेऊन आला. मला वाटले मारणार. मारले असते तर बरे झाले असते.

"लई शाना तू," तो म्हणाला.

"तू तरी का हो म्हणालास?"

"मग काय म्हणू बे? त्र्याऐंशी वर्साची हाय. त्या दिवशी घरी जाऊन पहिल्यांदा पोटभर जेवली. म्हणती, अब्बाचं नाव सरकारनं लिवलं." त्याने टेम्पोच्या फळीवर मूठ आपटली. "अन् तुज्या तात्याच्या गावात मला गाद्या भराया यायचंय. सालाला चाळीस घरं हायेत माजी हितं."

तो टेम्पोत जाऊन बसला. मग तो म्हणाला, "ती पुन्ना येणार. दर म्हयन्याला येणार म्हणती. आता तुलाच वाचावं लागंल."

बुधवार, ८ ऑक्टोबर

जागा कायम करण्याचा ठराव झाला. आईने पेढे वाटले. तात्यांकडे घेऊन गेलो तर त्यांनी पेढा घेतला आणि हातातच धरून ठेवला. म्हणाले, "त्या म्हातारीला तू काय वाचून दावलंस?"

मी म्हणालो, "जे लिहायला पाहिजे, ते."

तात्या खिडकीबाहेर बघत होते. "मला बी येकदा वाचून दाव," म्हणाले. मी तोंड उघडणार तोच हात वर केला. "आज नगं."

सोमवार, १३ ऑक्टोबर

शाळेची सहल आली होती. गुरुजींनी मुलांना एकतीसपाशी उभे केले. सातवीतल्या एका मुलीने विचारले, "सर, याच्यानं किती माणसं मारली?"

गुरुजींनी माझ्याकडे बघितले. मी नोंदवही उघडून पाने चाळू लागलो, जणू आकडा त्यात आहे. गुरुजी म्हणाले, "लई मारली असतील." मुलांनी ते वहीत लिहून घेतले. त्या मुलीने 'असंख्य' लिहिले. अगदी बरोबर लिहिले, अनुस्वारासकट.

शुक्रवार, १४ नोव्हेंबर

शहजादी नानी फलक ऐकायला आज तिसऱ्यांदा आली. दुसरा डोळाही आता गेल्यात जमा आहे. कपाटाच्या काचेला कपाळ लावून उभी राहिली. "वाच."

मी वाचले. मध्येच तिने थांबवले.

"'घरोघरच्या' राहिलं."

"काय?"

"'घरोघरच्या गाद्या त्यांच्या हातच्या.' तू नुसतं 'गाद्या' म्हणलास. मागल्या बारीला 'घरोघरच्या' हुतं. पुसलं का कुणी?"

"नाही नानी. माझ्याच नजरेतून सुटले."

"नीट वाचत जा बेटा. तू तर लिवणारा हायेस."

शहेबाज दाराकडे तोंड करून उभा होता.

ते गेल्यावर मी फलकासमोर बसलो आणि पुठ्ठ्यावरच्या ओळी आठवून पाहिल्या. चौथ्या ओळीत 'गेले ते' आहे की नुसते 'गेले', याची खात्री वाटेना. शहेबाजला विचारता येत नाही. तात्यांना तर नाहीच. शब्द माझ्याजवळ आहेत आणि तिच्याजवळ आहेत, आणि तिचे वय त्र्याऐंशी आहे. म्हणून शक्य तितक्या अचूकपणे इथे उतरवून ठेवतो. पुढच्या महिन्यात वाचताना शब्द गळता कामा नये.

हा दस्ता मदारसाब पिंजारी यांचा आहे.
ते या गावात कापूस पिंजत.
घरोघरच्या गाद्या त्यांच्या हातच्या.
सप्टेंबर १९४८ मध्ये ते कामाला गेले ते परत आले नाहीत.
त्यांनी कुणालाही मारले नाही.